डेंग्यूचा एनएस-१ पकडणारी इलेक्ट्रोड स्ट्रिप कॉलेजच्या लॅबमध्ये कशी बनवायची

ऑगस्ट लागला की आमच्या नांदेडच्या लॅबमध्ये एमएस्सीची दोन-चार पोरं येतातच, दादा डेंग्यूचा बायोसेन्सर करायचाय, कुठून सुरू करू म्हणून. दरवेळी तेच तोंडी सांगतो, तर यंदा एकदाच सगळं नीट लिहून काढलं. सुरुवातीलाच एक सांगतो, ग्राफ काढणं लई सोपं आहे. इलेक्ट्रोडवर काहीही चिकटलं की ग्राफ हलतो. तो एनएस-१ मुळेच (डेंग्यूच्या व्हायरसचं एक प्रोटीन) हलला, रक्तातल्या दुसऱ्या कुठल्या घाणीमुळे नाही, हे दाखवणं म्हणजे खरा प्रोजेक्ट, सहा महिन्यांतले चार त्यातच जातात आणि जायलाच पाहिजेत.

आधी काय पकडायचं ते बगा. डेंग्यूचा व्हायरस पेशीत शिरला की एनएस-१ नावाचं प्रोटीन रक्तात सोडायला लागतो. सहा तुकडे एकत्र येऊन त्याचा गोळा होतो, वजन साधारण तीन लाख डाल्टन, म्हणजे चांगलाच मोठा, आणि आपल्याला तेच पाहिजे कारण मोठी वस्तू इलेक्ट्रोडवर बसली की वाट जास्त अडते. ताप आल्याच्या पहिल्या दिवसापासून ते रक्तात सापडतं, पाचव्या दिवसानंतर कमी कमी होत जातं. आयजीएम, म्हणजे आजारात शरीर पहिल्यांदा बनवतं त्या अँटीबॉडी, मात्र चौथ्या-पाचव्या दिवसापासून वर यायला लागतात. म्हणून सरकारी पद्धतीत पाच दिवसांच्या आत एनएस-१ ची एलायझा (रंग किती आला त्यावरून मोजायची लॅबची टेस्ट) अन् नंतर आयजीएम पकडणारी मॅक एलायझा करतात, त्या मॅक एलायझाचे किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, एनआयव्ही बनवते.

हा दिवसांचा हिशोब मी घरात बघितलाय. माझा मावसभाऊ, कंधारकडचा, सातव्या दिवशी गावाजवळच्या एका लॅबमध्ये गेला, कार्ड टेस्ट केली, एनएस-१ ची रेघ आली नाही आणि डेंग्यू नाही म्हणून त्याला घरी पाठवलं. ताप उतरला होता म्हणून मावशी पण निवांत झाली. दुसऱ्या दिवशी पोट दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, मग शहरात आणलं, आयजीएम पॉझिटिव्ह आणि प्लेटलेट खाली. तो वाचला, आता ठणठणीत आहे. पण कार्डाने चूक केली नव्हती, कार्डाला सातव्या दिवशी जे विचारायचंच नव्हतं ते विचारलं होतं. म्हणून तुमच्या वहीत प्रत्येक सॅम्पलपुढं पहिला रकाना तापाचा दिवस कितवा हा ठेवा, नाव नको, वय चालेल, पण दिवस पाहिजेच. अजून एक, ज्याला आधी एकदा डेंग्यू होऊन गेलाय त्याच्या रक्तात जुन्या अँटीबॉडी असतात, त्या एनएस-१ ला आधीच धरून बसतात, मग सेन्सरला ते कमी दिसतं. आपल्या भागात असे पेशंट भरपूर. निगेटिव्ह आलं म्हणजे डेंग्यू नाहीच असं कधीच लिहू नका.

आणि आपल्याकडं हे का करायचं ते पण मनात ठेवा. मराठवाड्यात नळाला पाणी रोज येत नाही, कुठं आठ दिवसांनी येतं कुठं त्याहून उशिरा, उन्हाळ्यात टँकर. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. मग घरोघर रांजण, हौद, निळे ड्रम भरून ठेवलेले, आणि एडिस डासाला तसलंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. त्याची अंडी ड्रमच्या काठाला कोरड्यात महिनोन्महिने टिकतात, पाणी चढलं की फुटतात. म्हणून कोरडा दिवस पाळताना नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून काठ घासावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी एलायझाचं मशीन नाही, सॅम्पल जिल्ह्याला जातं, रिपोर्ट येईपर्यंत तापाचे दोन-तीन दिवस गेलेले असतात. शुगर तपासायच्या मीटरसारखं काहीतरी आरोग्य केंद्रातच असावं, ही इच्छा काही फालतू नाही.

शुगर मीटरवरूनच समजून घ्या मग. तिथं स्ट्रिपवर एन्झाइम असतं, ते ग्लुकोजला धरतं आणि करंट येतो, १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी मांडलेली कल्पना. इथं एन्झाइमच्या जागी अँटीबॉडी. पण अँटीबॉडीने एनएस-१ धरला तरी त्यातून आपोआप करंट काही येत नाही, म्हणून आपण वरून एक पिवळं द्रावण टाकतो, फेरी-फेरोसायनाइड. ते इलेक्ट्रोडला टेकून इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करतं. पृष्ठभाग मोकळा असला तर पटापट करतं, मधे प्रोटीनचा थर बसला की अडतं. ते किती अडलं तेच मोजायचं.

सामान फार नाही, पण महाग आहे. सोन्याच्या स्क्रीन प्रिंटेड स्ट्रिप घ्या, ज्यावर मधला गोल वर्किंग इलेक्ट्रोड (मोजायचं ते इथं), बाजूचा काउंटर (करंटचा रस्ता पुरा करणारा) आणि छोटा चांदीचा रेफरन्स (व्होल्टेज ज्याच्या तुलनेत धरायचं तो) असतो. कार्बनच्या स्ट्रिप स्वस्त पडतात, पहिले पंधरा दिवस हात बसेपर्यंत त्यांच्यावरच सीव्ही (व्होल्टेज पुढं-मागं फिरवत करंटचा ग्राफ) काढून शिका, सोन्याची वाया घालवू नका. सिस्टिअमाइन, ग्लुटाराल्डिहाइड, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन), ग्लायसिन, पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर) ७.४ पीएचचं, ट्वीन-२० (साबणासारखं सौम्य द्रव्य), पोटॅशियम क्लोराइड. एनएस-१ ची मोनोक्लोनल (सगळी एकसारखी) अँटीबॉडी घेताना ती चारही सिरोटाइप, म्हणजे व्हायरसचे प्रकार, धरते का ते ऑर्डरच्या आधी डेटाशीटमध्ये वाचा, डेंग्यू १ ते ४ असे चार आहेत आणि एकच धरणारी अँटीबॉडी घेऊन वर्ष वाया गेलेलं मी बघितलंय. रिकॉम्बिनंट, म्हणजे लॅबमध्ये बनवलेलं, एनएस-१ प्रोटीन पण लागेल, स्टँडर्ड (प्रमाण माहीत असलेला नमुना) म्हणून. पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे स्ट्रिपला व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र, डिपार्टमेंटला नसेल तर २०११ मध्ये चीपस्टॅट नावाचं ओपन सोर्स डिझाइन आलेलं आहे, ८० डॉलरच्या आत बनेल असं, त्याची पूर्ण माहिती मोफत मिळते. त्यावर इम्पिडन्स (उलटसुलट करंटला होणारा अडथळा मोजणं) होत नाही पण सीव्ही आणि स्क्वेअर वेव्ह (व्होल्टेज छोट्या ठोक्यांनी चढवत करंट मोजणं) होतं, आणि स्क्वेअर वेव्हचा पीक किती खाली आला यावरून पण सेन्सर चालतो.

पाणी हा वेगळा विषय आहे. आपल्या बोअरचं पाणी जड, क्षार इतके की बादलीला पांढरा थर बसतो. स्ट्रिप धुवायला, बफर करायला डबल डिस्टिल्ड किंवा डीआय पाणीच, आणि ते पण ताजं. कॅनमध्ये महिनाभर पडलेलं नको.

आता स्ट्रिप तयार करायची. पहिल्यांदा सोनं साफ करा. अर्धा मोलर सल्फ्युरिक ॲसिडचा थेंब तिन्ही इलेक्ट्रोड झाकतील असा टाका आणि शून्य ते १.२ व्होल्ट असे दहाएक सायकल चालवा, परतीचा पीक एकावर एक यायला लागला की थांबा. पिरान्हा (सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण) या स्ट्रिपवर नको, छापलेली शाई उखडते आणि हात भाजण्याची भीती वेगळी. ॲसिडनंतर पाण्याने भरपूर धुवा, खरंच भरपूर, कारण पुढं फेरीसायनाइड येणार आहे आणि ते स्ट्राँग ॲसिडला भेटलं तर हायड्रोजन सायनाइड वायू निघू शकतो. दोघांचा वेस्ट एका बाटलीत कधीच टाकू नका, बाटलीवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा, मावशी साफसफाई करतात त्यांना पण दाखवून ठेवा.

साफ झाली की मोकळ्या स्ट्रिपचं रीडिंग. पाच मिलिमोलर फेरी आणि पाच फेरो, ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड असलेल्या पीबीएसमध्ये, बाटलीला फॉइल गुंडाळून. सीव्ही मायनस ०.२ ते प्लस ०.६, स्पीड ५० मिलिव्होल्ट प्रति सेकंद. दोन पीकमधलं अंतर पुस्तकात ५९ मिलिव्होल्ट असतं, या स्ट्रिपवर शंभरच्या आसपास आलं तरी ठीक. दोनशेच्या पुढं गेलं तर ती स्ट्रिप बाजूला ठेवा, पुढं जाऊन सुधारत नाही. मग इम्पिडन्स, ओपन सर्किटच्या व्होल्टेजला (करंट वाहत नसताना दिसतं ते) १० मिलिव्होल्टचा हलका झोका देऊन एक लाख हर्ट्झपासून ०.१ पर्यंत. त्याचा नायक्विस्ट नावाचा ग्राफ काढला की अर्धगोल येतो, तो जेवढा रुंद तेवढा अडथळा मोठा, त्यालाच आरसीटी (चार्ज ट्रान्सफर रेझिस्टन्स) म्हणायचं. रीडिंग झालं की लगेच धुवा, हे द्रावण सोन्यावर तासन्तास ठेवलं तर सोनं हळूहळू खातं.

मग १० मिलिमोलर सिस्टिअमाइन पाण्यात, फक्त मधल्या गोलावर १० मायक्रोलिटर, दोन तास अंधारात. काही पेपरांमध्ये इथं लांब साखळीचे थायॉल (टोकाला गंधक असलेले रेणू) अल्कोहोलमध्ये वापरतात, ते पण चांगलं आहे, पण काही स्ट्रिपची शाई अल्कोहोलने सुटते म्हणून मी पाण्यातलंच सांगतो. एक टोक गंधकाचं, ते सोन्याला घट्ट धरतं, दुसरं टोक अमाइनचं वर राहतं. इथं पोरं घाबरतात, कारण थर चढला तर आरसीटी वाढायला पाहिजे अन् इथं कधीकधी कमी होतो. घाबरू नका, अमाइनवर प्लस चार्ज असतो आणि फेरीसायनाइड मायनस, म्हणून ते उलट ओढलं जातं. कमी झाला म्हणजे सिस्टिअमाइन बसलं याचीच खूण.

नंतर ग्लुटाराल्डिहाइड अडीच टक्के, एक तास, फ्यूम हूडमध्ये, डोळ्यांना झोंबतं. धुवा. मग अँटीबॉडी, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, १० मायक्रोलिटर, रात्रभर फ्रिजमध्ये चार डिग्रीला. सकाळी ट्वीन असलेल्या पीबीएसने तीनदा धुवून ग्लायसिन अर्धा तास, म्हणजे ग्लुटाराल्डिहाइडची उरलेली मोकळी टोकं बंद होतील, नाहीतर ती सिरममधलं (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) जे येईल ते धरत बसतात. शेवटी बीएसए एक टक्का, एक तास, मधली रिकामी जागा भरायला.

थेंबाकडं लक्ष ठेवा. परभणी-नांदेडला एप्रिल-मेमध्ये ४२-४३ डिग्री असतं, पंखा चालू असला की १० मायक्रोलिटरचा थेंब बघता बघता कडेने आकसतो, मधे साखरेच्या पाकासारखा चकाकतो आणि वाळतो, अँटीबॉडीचा तिथंच कचरा होतो. पेट्री डिशमध्ये ओला टिश्यू गोल गुंडाळून ठेवा, मधे उलट्या झाकणावर स्ट्रिप, वरून झाकण आणि कडेला पॅराफिल्म. लाईट जाते त्यासाठी थर्माकोलच्या डब्यात बर्फाचे पॅक तयार ठेवा, अँटीबॉडी आल्या दिवशीच छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा, एकच ट्यूब दहादा गोठवून वितळवायची नाही. रीडिंग घेताना लॅपटॉप चार्जरवर नको, बॅटरीवर चालवा, इन्व्हर्टरवर असताना तर ५० हर्ट्झच्या आसपास ठिपके नुसते नाचतात. पत्र्याचा बिस्किटाचा मोठा डबा आडवा ठेवून त्याला अर्थिंगची वायर जोडली आणि स्ट्रिप आत ठेवून मोजलं की ग्राफ कसा गुळगुळीत येतो ते बघा एकदा.

आता मी जिथं स्वतः अडकलो ते. स्ट्रिप तयार, बीएसए झालं, एनएस-१ चे स्टँडर्ड टाकले, आरसीटी मस्त वाढत गेला, सरळ रेष आली, आम्ही लॅबमध्ये चहा मागवला. मग सरांनी विचारलं, ब्लँक कुठाय. नुसत्या बफरचा थेंब तेवढाच वेळ ठेवून, तेवढ्याच वेळा धुवून मोजला, तर एनएस-१ नसताना पण आरसीटी जवळपास तेवढाच वाढला. म्हणजे आम्ही दोन महिने पृष्ठभाग हळूहळू बदलताना मोजत होतो, डेंग्यू नाही. त्या दिवशी वाईट वाटलं, पण आजपर्यंत जे काही बरं काम झालं ते तिथून पुढंच झालं. उपाय असा, बीएसएनंतर स्ट्रिप अर्धा तास नुसत्या बफरमध्ये ठेवा, मोजा, परत अर्धा तास ठेवा, परत मोजा. दोन आकडे जुळले तरच ती स्ट्रिप कामाला घ्या आणि दुसरा आकडा तिचा पाया धरा.

स्टँडर्ड १ ते १००० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या मधले घ्या, कारण पेशंटच्या रक्तात एनएस-१ काही नॅनोग्रॅमपासून मायक्रोग्रॅमपर्यंत कितीही असू शकतो. प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला तीन वेगळ्या स्ट्रिप, एकाच स्ट्रिपवर चढत्या क्रमाने टाकत गेलात तर आधी चिकटलेलं पण मोजलं जातं. अर्धा तास ठेवायचं, तीनदा धुवायचं, मोजायचं. पायापेक्षा किती टक्के वाढ झाली ते आडव्या रेघेवर लॉग कॉन्सन्ट्रेशन घेऊन मांडा. डिटेक्शन लिमिट (सेन्सरला दिसणारं सगळ्यात कमी प्रमाण) काढताना भरपूर जण तीन सिग्मा (स्टँडर्ड डेव्हिएशन) भागिले स्लोप करतात अन् स्लोप लॉगचा असतो, मग पिकोग्रॅमचे आकडे येतात, दिसायला भारी पण अर्थ नाही. निदान दहा ब्लँक स्ट्रिप मोजा, त्यांच्या सरासरीत तीन स्टँडर्ड डेव्हिएशन मिळवा आणि तो सिग्नल आपल्या रेषेवर कुठं पडतो ते वाचा. आकडा मोठा येईल, येऊ द्या, तोच खरा आहे.

बफरमध्ये जमलं म्हणजे रक्तात जमलं असं नाही, इथं बहुतेक प्रोजेक्ट बसतात. हिशोब करून बघा, सिरममध्ये अल्ब्युमिन साधारण ४० मिलिग्रॅम प्रति मिली. एनएस-१ समजा १०० नॅनोग्रॅम. म्हणजे वजनाने चार लाख पट अल्ब्युमिन, आणि ते सगळं सोन्याला चिकटायला तयार. वरून युरिक ॲसिड, व्हिटॅमिन सी, हे आपल्याच व्होल्टेजच्या आसपास स्वतः करंट देतात, म्हणून सिरम धुवून काढल्याशिवाय मोजायचंच नाही. अख्खं रक्त या स्ट्रिपवर टाकू नका, लाल पेशी खाली बसून गोल झाकून टाकतात. रक्त गोठू द्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, वरचं सिरम घ्या, आणि ते लालसर दिसत असेल तर पेशी फुटल्यात, ते सॅम्पल सोडा. सिरम दहापट पातळ करा, ट्वीन आणि थोडं बीएसए असलेल्या पीबीएसमध्ये. सगळ्यात महत्त्वाचं, स्टँडर्ड पण निरोगी माणसाच्या तसल्याच दहापट पातळ सिरममध्ये परत बनवा आणि रेष नवीन काढा. ती रेष बफरवाल्या रेषेपेक्षा आडवी येते, तीच वापरायची.

मग संशय घ्यायचा. निरोगी सिरमच्या स्ट्रिप. डेंग्यूशी संबंध नसलेली त्याच प्रकारची अँटीबॉडी लावलेली स्ट्रिप, तिच्यावर एनएस-१ टाकून काही वाढ झाली तर ते नुसतं चिकटणं आहे. चिकुनगुन्या पॉझिटिव्ह सिरम, कारण आपल्याकडं तोच डास दोन्ही पसरवतो आणि पेशंट पण सारख्याच तापाने, सांधेदुखीने येतात. जमलं तर झिका किंवा जपानी एन्सेफलायटिसचा रिकॉम्बिनंट एनएस-१ मागवून टाका, ते डेंग्यूच्याच कुळातले आहेत, तिथं अँटीबॉडी फसते का नाही ते कळतं. या स्ट्रिपमध्ये पैसे जातात, गाइड म्हणतील कशाला, तरी करा.

पेशंटचं सिरम आणायच्या आधी एथिक्स कमिटीची परवानगी, उरलेलं आणि बिननावाचं सॅम्पल असलं तरी. आयसीएमआरच्या २०१७ च्या गाइडलाइन लायब्ररीत वाचून अर्ज करा, आमच्या अर्जाला तीन महिने गेले म्हणून तो पहिल्या सेमिस्टरलाच टाका. सिरमचं काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, हातमोजे घालून, सांडलं तर एक टक्का हायपोक्लोराइट. सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, पिपेटच्या टिपा लाल पिशवीत, २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमाप्रमाणे, आणि ते सगळं सॅम्पल देणाऱ्या दवाखान्याच्या कचरा व्यवस्थेतूनच जाऊ द्या, कॉलेजच्या मागं जाळायचं नाही. गावात कोणी ताप घेऊन आलं आणि तुझ्या मशीनवर बघ म्हणालं तर बघायचं नाही. आजाराच्या रिपोर्टसाठीचं यंत्र २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस नियमात येतं, आपली स्ट्रिप त्याच्या कुठंच जवळ नाही. त्याला सरकारी दवाखान्यात पाठवा, ॲस्पिरिन-ब्रुफेन घेऊ नको म्हणा, आणि ताप उतरताना पोट दुखलं, उलट्या सुरू झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं किंवा लेकरू सुस्त पडलं तर लगेच ॲडमिट व्हा एवढं नक्की सांगा.

शेवटची परीक्षा अशी घ्या. दवाखान्याच्या लॅबमधल्या मॅडमना सांगा की एलायझाने तपासलेले वीस सिरम, पॉझिटिव्ह किती निगेटिव्ह किती ते न सांगता, नुसते १ ते २० नंबर टाकून द्या, निकालाची चिठ्ठी पाकिटात बंद करून त्यांच्याच कपाटात ठेवा. तुम्ही विसाच्या वीस मोजा, प्रत्येकापुढं पॉझिटिव्ह का निगेटिव्ह ते पेनाने लिहा, पेन्सिलने नाही, खाली तारीख आणि सही करा. मग त्या पानाचा झेरॉक्स मॅडमच्या हातात द्या आणि पाकीट मागा.